चंदेरी कागदाचं देऊळ

४ नोव्हेंबर

बारके,

पाय मोडून घेतलास तो घेतलास, वर मला "किरकोळ आहे" असं लिहितेस. किरकोळ गोष्टीला प्लास्टर घालत नाहीत, एवढं माझ्यासारख्या शिंप्यालाही कळतं. सत्तावीस वर्षं हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीत उभी राहिलीस, एक दिवस धडपडली नाहीस, आणि रिटायर झाल्यावर स्वतःच्याच मोरीत घसरलीस. आता दोन महिने गप पडून राहा. हुकूम सोडायला घरात कोणी नाही म्हणून तुझी तोंडाची सवय मोडेल, तेवढाच फायदा.

या पत्राबरोबर एक खोकं पाठवलं आहे. उघडताना कात्री आत खुपसू नकोस. आत आपलं टेकडीवरचं देऊळ आहे. आई आपल्याला घेऊन चढायची, तू निम्म्यातच बसकण मारायचीस आणि मग मी तुला पाठुंगळी घ्यायचो, तेच. पायऱ्या काड्यापेट्यांच्या आहेत. खांब म्हणजे संपलेल्या पेनांच्या कांड्या. भिंती बुटाच्या खोक्याच्या. आणि घुमट बघ, गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद! बारा कळ्यांचा आहे. परकराला कळ्या बेततात तशाच बेतल्या, खाकी कागदावर आधी माप काढून. चाळीस वर्षं बायकांचे परकर शिवले, ते वाया गेलं नाही.

इथल्या वाचनालयाच्या ग्रंथपालांनी अशी पाच देवस्थानं मागितली आहेत. दालनात मांडणार आहेत, पंधरा डिसेंबरला. मशिदीचे छत्रीच्या काड्यांचे चार मिनार उभे झाले. टूथपेस्टच्या नळ्या कापून दोन मनोऱ्यांचं चर्च होत आलं आहे. सगळं लोकांनी टाकून दिलेल्यातून. शेजारीपाजारी आता कचरा टाकायच्या आधी मला दाखवून नेतात. दोन घुमट राहिलेत, चंदेरी कागद पुरत नाही. हल्ली तहान फार लागते, डिंकाच्या वासाने असेल.

तुझी वहिनी मजेत आहे.

दादा

११ नोव्हेंबर

दादा,

खोकं पोचलं. कळस वाटेत हलला होता, मी बसवला. शेजारीण बघायला आली आणि जागची हलेना. "तुमचे भाऊ मूर्तिकार का?" म्हणाली. म्हटलं, नाही हो, परकरवाले. देऊळ पलंगासमोरच्या कपाटावर ठेवलं आहे. दिवसभर तेच बघते. तू पायऱ्या एकोणचाळीस केल्यास, खऱ्या त्रेचाळीस आहेत. मी बसकण मारायचे ती पंचविसावी. उगीच माझी बदनामी करू नकोस, निम्म्याच्या पुढे तीन चढलेल्या असायच्या.

आता खरं सांग. वहिनींच्या दोन ओळी कुठे आहेत? तुझ्या प्रत्येक पत्राच्या खाली त्या लिहितात, "वन्सं, सांभाळून असा, ह्यांचं काही मनावर घेऊ नका." बत्तीस वर्षांत एकदा चुकलं नाही. या वेळी तुझी सही झाली आणि कागद संपला. आणि "मजेत आहे" हे तू कधीपासून लिहायला लागलास? तू वहिनींबद्दल एक तर तक्रार करतोस, नाहीतर कौतुक. "मजेत" असतात ती परक्यांची माणसं.

बारकी

२० नोव्हेंबर

बारके,

तुझ्यापासून काही लपत नाही. लहानपणी गुळाचा डबाही तूच पकडायचीस.

तुझी वहिनी विसरायला लागली आहे. दोन महिने झाले. पहिल्यांदा मी हसण्यावारी नेलं. मग एका सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर ती हातात डाव घेऊन ओट्याशी उभी. घामाने पदर भिजलेला, हात थरथरत होते. म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, "हे कुणाचं घर आहे?" बारके, मी तिच्या हातातला डाव काढून घेतला. धरून बसवलं. चहा करून पाजला. अर्ध्या तासाने म्हणते, "तुम्ही चहा केलात? आज सूर्य कुठून उगवला?" अगदी नेहमीसारखी.

तेव्हापासून तसं होतं, कधी दिवसाआड, कधी रोज. एकदा जिन्यात पडली. एकदा गॅस तसाच सोडून खाली रस्त्यावर जाऊन उभी राहिली. फुलवाल्याने हाताला धरून आणलं. डॉक्टरांकडे नेलं संध्याकाळी, तर तिथे ही त्यांना त्यांच्या शर्टाची कॉलर वाकडी शिवली आहे म्हणून सांगते. त्यांनी वजन, दाब, छाती, सगळं बघितलं. मला बाहेर घेऊन म्हणाले, वयाने होतं हे, वाढतच जाणार, तुम्ही एकट्याने किती दिवस बघाल? आम्हाला मागेपुढे कोणी नाही हे त्यांना ठाऊक आहे.

आता तिची औषधं मीच देतो. तिचा भरवसा नाही. सकाळी उठल्या उठल्या, न चुकता, तिची तिला आणि माझी मला. तेवढं तरी माझ्या हातात आहे.

मशीद पूर्ण झाली. ती बघून ही म्हणाली, "मधला घुमट जरा बुटका झालाय." आणि खरंच झालाय. असं बरोबर बोलली की मला वाटतं, मीच वेडा आहे.

दादा

२६ नोव्हेंबर

दादा,

पत्र तीनदा वाचलं. रडले, ते जाऊ दे. आता मी विचारते त्याची उत्तरं दे. सरळ, क्रमाने, मध्ये छत्रीच्या काड्या न आणता.

वहिनींना हे होतं ते नाश्त्याच्या आधी की नंतर? दुपारी जेवल्यावर कधी झालंय का? तू चहा पाजलास तो साखरेचा होता का? गोड पोटात गेलं की किती वेळात शुद्धीवर येतात? तुझ्या त्या तहानेचं काय झालं? लघवीला किती वेळा उठतोस? लाजू नकोस, सत्तावीस वर्षं याहून वाईट गोष्टी ऐकल्या आहेत.

आणि एक. तुझं देऊळ मी रोज बघते. त्या खिडकीत मी किती पाकिटं हाताळली असतील त्याला गणती नाही. गोळी दाबून बाहेर काढली की कागद फाटतो, फुटतो, त्याला मागून भोक पडतं. तुझ्या घुमटावर एकही भोक नाही. कागद कोरा करकरीत. दादा, तू गोळ्या बाहेर कशा काढतोस? आणि काढून ठेवतोस कुठे?

लगेच लिही. पाय असा नसता तर मी पत्र न लिहिता दारात येऊन उभी राहिले असते.

बारकी

४ डिसेंबर

बारके,

तुझं पत्र म्हणजे पोलिसचौकीतला जबाब. इथे माझं घर मोडायला आलंय आणि तुला पाकिटाच्या कागदाची पडली आहे. तरी उत्तरं देतो, नाहीतर तू प्लास्टरसकट येशील.

सकाळीच होतं, नाश्त्याच्या आधी. चहा साखरेचाच, तिला दोन चमचे लागतात. पंधरा-वीस मिनिटांत माणसात येते. माझी तहान तशीच आहे, आणि हो, उठावं लागतं, चार-पाच वेळा. म्हातारपण. झालं समाधान?

कागदाचं म्हणशील तर त्यात माझी कला आहे. दाबून काढल्यावर कागदाची वाट लागते, म्हणून मी दाबतच नाही. शिवण उसवायच्या ब्लेडने पाकिटाची कड उसवतो, गोळी घरंगळत हातात येते, कागद अख्खा. आम्हा दोघांची तीन महिन्यांची औषधं एकदम आणली आणि सगळी एका बैठकीत उसवली. गोळ्या बाटल्यांत भरल्या. बामच्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या. तिची रक्तदाबाची लाल झाकणाच्या बाटलीत, माझी साखरेची निळ्या झाकणाच्या. गोळ्या दिसायला सारख्याच, बारक्या पांढऱ्या, पण झाकणं वेगळी. गिऱ्हाइकाच्या कपड्याला खूण बांधायचो तसंच. चाळीस वर्षांत एकीचा ब्लाउज दुसरीला गेला नाही माझ्या हातून, तेव्हा तू काळजी करू नकोस.

आता जे लिहायचं होतं ते. डॉक्टरांनी एक संस्था सांगितली आहे. असे लोक तिथे राहतात, बायका सांभाळायला आहेत, खोलीला मोठी खिडकी आहे. मी बघून आलो. अठरा तारखेला एक खाट रिकामी होते आहे. मी अर्जावर सही केली. तिलाही सांगितलं. मला वाटलं भांडेल. ती म्हणाली, "तुम्हाला बरोबर वाटत असेल तर बरोबरच असेल," आणि तिनेही सही केली. सुंदर सही केली. मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो.

दादा

वन्सं, सांभाळून असा. ह्यांचं काही मनावर घेऊ नका. मला मधेच सगळं पुसून जातं हो. ह्यांचा जेवणाचा काही बंदोबस्त होईल का, तेवढं बघा.

९ डिसेंबर

दादा,

तार उद्यापर्यंत पोचेल. पोस्टमनला थांबवून ठेवून पाठवली. तिच्यात एवढंच आहे: "दोन्ही बाटल्यांतल्या गोळ्या बंद. वहिनींना गोड खायला दे. डॉक्टरांना गाठ." बाकी इथे.

तुझं पत्र वाचलं आणि देवळाकडे बघितलं. कळस तू सोनेरी रंगवला आहेस. त्याच्या खाली एक गोल बैठक आहे, तीही सोनेरी. खोकं आलं तेव्हा कळस बसवताना तिच्या काठावर आटे लागले होते बोटाला, तेव्हा लक्ष दिलं नाही. आज भाजीची सुरी मागून घेतली. दादा, मी घुमट कापला. सातव्या आणि आठव्या कळीमधून, कडेकडेने. आईची आठवण झाली, तरी कापला. बैठक सुटी केली, रंग खरवडला. आत लाल आहे. बामच्या बाटलीचं झाकण आहे ते.

मग तुझ्या बाटलीवर आता जे लाल झाकण आहे, ते कुठलं? ते कधी बसवलंस आणि कुठल्या बाटलीला बसवलंस?

मला काय वाटतं ते स्पष्ट लिहिते. वहिनी तुझी साखरेची गोळी खातात. तू त्यांची रक्तदाबाची खातोस. ज्याला साखरेचा आजार नाही त्याने ती गोळी उपाशीपोटी खाल्ली की घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतं. गोड दिलं की ताळ्यावर येतं. आणि तुला तहान का लागते ते आता तुला मी सांगायला नको. डॉक्टरांकडे तू त्यांना संध्याकाळी नेलंस, दोन वेळचं खाऊन. त्यांना काय दिसणार?

मी चुकत असेन तर मला शिव्या घाल. पण अठरा तारखेपर्यंत थांबू नकोस, त्या खाटेला आधी नाही म्हण. यात जीव जातो दादा. मी गेलेले बघितले आहेत.

देऊळ मोडलं म्हणून रागावू नकोस.

बारकी

१४ डिसेंबर

बारके,

तुझी तार दहा तारखेला दुपारी आली. तेव्हा तुझी वहिनी घरात नव्हती. खाट लवकर रिकामी झाली म्हणून त्यांचा निरोप आला, आणि मी तिला सहा तारखेलाच सोडून आलो होतो. दोन लुगडी, कंगवा, चष्मा आणि लाल झाकणाची बाटली. मी स्वतः तिथल्या बाईंच्या हातात दिली ती. "सकाळी उठल्या उठल्या, न चुकता," असं बजावून सांगितलं.

तार वाचून तसाच निघालो. पायांत दोन वेगळ्या चपला होत्या, ते तिथे गेल्यावर कळलं. बाई म्हणाल्या, डॉक्टर सोमवारी येतात, तारेवर आम्ही औषध बंद करू शकत नाही. मी म्हटलं, बाई, हे औषध डॉक्टरांनी दिलेलंच नाही, मी दिलंय. त्यांना ते समजेना. शेवटी मी त्यांच्या टेबलावरून बाटली उचलली आणि खिशात घातली. चोरी म्हण हवं तर. त्यांनी आरडाओरडा केला. मग मीही केला. अकरा तारखेला सकाळी तिने पहिल्यांदा गोळी खाल्ली नाही. त्या सकाळी ती थरथरली नाही.

औषधाच्या दुकानात दोन्ही बाटल्या घेऊन गेलो. त्यांनी नव्या पाकिटांतल्या गोळ्यांशी ताडून बघितल्या, जाडी आणि मधली रेघ. तू म्हणतेस तसंच आहे. तंतोतंत.

कसं झालं ते आता आठवतंय. तुझ्या देवळाच्या कळसाला बैठक हवी होती, हाताशी लाल झाकण होतं, ते काढलं. बाटली उघडी राहायला नको म्हणून तिला एक सुटं निळं बसवलं. दोन्ही बाटल्या निळ्या. म्हटलं, डावीकडची तिची, लक्षात राहील. चार दिवसांनी शेजारणीने दुसरं लाल झाकण आणून दिलं, ते मी डावीकडच्या बाटलीला लावलं. मधल्या चार दिवसांत कपाट पुसून झालं होतं. कपाट मीच पुसलं, हिला चक्कर येते म्हणून. डावी उजवीकडे गेली.

बारके, मी तिला रोज स्वतःच्या हाताने भरवलं. ती एकदा म्हणाली होती, "ही गोळी वेगळी लागते हो जिभेला." मी म्हटलं, तुला हल्ली सगळंच वेगळं लागतं.

डॉक्टर पंधरा दिवस तिथेच ठेवून बघू म्हणतात. मी रोज जातो. वाचनालयात एकही वस्तू दिली नाही. पाचही देवळं-मशिदी गॅलरीत काढून ठेवल्यात, कचरेवाला येईल तेव्हा देईन. देऊळ मोडलंस ते बरं केलंस.

दादा

१९ डिसेंबर

दादा,

काही कचऱ्यात द्यायचं नाही. वहिनी घरी आल्या की त्यांना विचार, त्या म्हणतील ते कर. मशिदीचा मधला घुमट तेवढा नीट करून ठेव.

तुझी साखर तपासून घे. आधी ती, मग पश्चात्ताप. आणि स्वतःला किती बडवून घेशील? झाकण मी पण हाताने चाचपलं होतं आणि गप्प बसले होते. वेळेत कळलं एवढं खरं. वहिनी सावरतील. मी सांगते ना.

बारकी

२ जानेवारी

वन्सं,

हे पत्र खास तुम्हाला आहे. ह्यांच्या पत्राखाली दोन ओळी लिहायची सवय, त्यामुळे एवढा कागद बघून मलाच हसू आलं. तुमचा पाय प्लास्टरमधून निघाला का? निघाल्यावर लगेच घर झाडायला घेऊ नका.

मी पंचवीस तारखेला घरी आले. पाच-सहा दिवस सगळे मला बघायला येत होते, जसं काही मी परदेशातून आले. हे प्रत्येकाला सांगतात, "सगळी चूक माझी. तिला काही झालेलं नाही, ठणठणीत आहे. मीच विष देत होतो." मोठ्याने सांगतात, फुलवाल्याला, डॉक्टरांना, ग्रंथपालांना. ऐकणाऱ्यालाच कसंसं होतं. पहिले दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. गोळ्यांमुळे नाही हो. "आज वार कुठला?" असं मला चारचौघांत विचारायचे, त्याचा राग होता. तिसऱ्या दिवशी स्वतःच वार विसरले आणि मग काय बोलणं आपोआप सुरू झालं.

देवळं-मशिदी गॅलरीतून आत आणायला लावल्या. आता गोळ्या पाकिटातच राहतात, दाबून काढतात, कागद फाटतो आणि हे तोंड वाकडं करतात. तुमचं देऊळ परत करून देणार आहेत, तुम्ही त्रेचाळीस म्हणालात म्हणून पायऱ्या मोजायला बसलेत. हातात कात्री असली की गुणगुणतात. खूप दिवसांनी गुणगुणतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

तिथे असताना सोळा तारखेला हे भेटायला आले होते. दुपारची वेळ, मी जेवले होते, पोटभर. हे समोर बसून संत्रं सोलत होते आणि काहीतरी सांगत होते. मी ऐकत होते. आणि वन्सं, माझ्या मनात आलं की हे गृहस्थ किती मायेने बोलतात, यांची बायको कुठे असते ते विचारावं. अगदी शांतपणे आलं. घाम नाही, थरथर नाही. मी विचारणारच होते. मग त्यांनी संत्र्याची फोड पुढे केली, बोटाला सुईच्या टोचण्याचे ते घट्टे दिसले, आणि सगळं जागेवर आलं. मी फोड खाल्ली. त्यांना काही कळलं नाही.

गोळ्या बंद होऊन तेव्हा पाच दिवस झाले होते.

घरी आल्यावर आणखी एकदा झालं. परवा. किती वेळ ते मला नक्की सांगता येत नाही.

ह्यांना मी सांगितलेलं नाही. ह्यांना ती चूक फार लागली आहे, जेवताना मधेच घास खाली ठेवतात. पण वन्सं, ती चूकच आता ह्यांचा आधार आहे. चूक ह्यांची होती म्हणून मी बरी आहे, असं ह्यांचं गणित आहे. ते मी कसं मोडू?

तुम्ही सत्तावीस वर्षं त्या खिडकीत होतात. म्हणून तुम्हाला विचारते. त्या गोळीचा अंमल अंगात किती दिवस राहतो? पाच दिवस राहू शकतो का? वीस दिवस? राहत असेल तर मला ह्यांच्या देखत वाचता येईल असं मोठं पत्र लिहा. राहत नसेल तर छोटं लिहा, पायाचं लिहा, पडवळाचा वेल चढला का ते लिहा. मी समजेन.

टपाल दहाच्या सुमारास येतं. तेव्हा हे खाली कागद गोळा करायला गेलेले असतात.

तुमची
वहिनी

८ जानेवारी

वहिनी,

पायाचं प्लास्टर सोमवारी काढलं. पाय बारीक झालाय, पण टेकवता येतो.

मी येते आहे. शनिवारी पोचेन. दादाला सांगा, देऊळ बघायला येते आहे.

तुमची
बारकी